परदेशात राहण्याचा परवाना: आधी पोचावं की आधी अटी वाचाव्यात?

दूरदेशी
परक्या देशात जायचं ठरलं की सगळे विचारतात, 'कुठला परवाना लवकर मिळेल?' मला वाटतं, परवाना कशामुळे जातो हे आधी बघावं. आणि त्यावर काढलेली वर्षं कायम वास्तव्यासाठी मोजतात का, हेही.

अमेरिकेचा एच-१बी, म्हणजे मालकामार्फत मिळणारा नोकरीचा परवाना घ्या. नोकरी गेली की पुढची सोय लावायला जास्तीत जास्त ६० दिवस. मुलांची शाळा, भाड्याचा करार, गाडीचे हप्ते, सगळं तेवढ्यात निस्तरायचं. कॅनडात २०१५ पासून एक्स्प्रेस एंट्री आहे, म्हणजे वय, शिक्षण, भाषा यांच्या गुणांवर माणसं निवडायची पद्धत. त्यातून माणूस कायम वास्तव्य घेऊनच उतरतो. नोकरी गेली तर पगार बुडतो, राहण्याचा हक्क नाही. पाच वर्षांत ७३० दिवस तिथे काढायचे, एवढं पाळलं की झालं. 'आधी पोचू, मग बघू' हा माझ्या मते शुद्ध जुगार आहे.

कागदीघोडा
असहमत. एक्स्प्रेस एंट्रीत वयाचे गुण तिशीपासून उतरणीला लागतात आणि ४५ ला शून्य होतात. मग बेचाळीस वर्षांच्या माणसाने काय करायचं, घरी बसून अटी वाचायच्या? त्याला नोकरीच्या परवान्याचंच दार आहे, आणि ते काही वाईट नाही. जर्मनीत ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय संघाचा नोकरीचा परवाना) २७ महिने काम केलं, पेन्शनचे हप्ते भरले आणि जुजबी भाषा आली, तर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. भाषा बी-१ या मधल्या पातळीपर्यंत नेली तर २१ महिन्यांतच.

नोकरी गेल्याचं म्हणाल तर युरोपीय संघाच्या २०२१ च्या निर्देशाप्रमाणे ब्लू कार्डवाल्याला नवी नोकरी शोधायला कार्डाच्या पहिल्या दोन वर्षांत किमान तीन महिने मिळतात, त्यानंतर सहा. एच-१बीच्या काठीने सगळ्यांना हाकू नका.

दूरदेशी
कागदावर सगळं छान आहे. पण जर्मनीत परवान्याचा अर्ज पडून राहिला की हातात येतं ते फिक्टिऑन्सबेशायनिगुंग, म्हणजे तात्पुरता घडीचा कागद. त्यात कुठल्या चौकटीत खूण आहे यावर सगळं अवलंबून. तिथल्या वास्तव्य कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या उपकलमासमोर असेल तर जुना परवाना चालू धरतात आणि बाहेर जाऊन परत येता येतं. तिसऱ्यासमोर असेल तर देशात राहता येतं, पण बाहेर गेलात की त्या कागदावर परत आत घेत नाहीत. विमानतळावर जाईपर्यंत हे बघतं कोण?

निवांत
तुम्ही दोघंही गृहीत धरताय की प्रत्येकाला कायमचं बिऱ्हाड थाटायचंय. मला वर्षभर राहायचंय, काम लॅपटॉपवर, पगार बाहेरून. एस्टोनियाने २०२० च्या ऑगस्टमध्ये डिजिटल नोमॅड व्हिसा काढला, मग कितीतरी देशांनी. माझ्यासारख्याला तेवढं पुरतं.

कागदीघोडा
निवांत, पुरतं ते करखातं दार ठोठावेपर्यंत. वर्षात १८३ दिवसांवर राहिलात की बहुतेक देश तुम्हाला आपला करदाता धरतात; काही त्याआधीच. स्पेनच्या अशा परवान्याची वर्षं दीर्घ वास्तव्याच्या पाच वर्षांत धरतात, क्रोएशियाच्या परवान्याची मुदत संपली की गाशा गुंडाळायचा. नाव एकच, माल वेगळा. आणि एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी म्हणजे वास्तव्य नव्हे, ती कंपनी चालवायला दिलेली डिजिटल ओळख. त्यावर तिथे राहता येत नाही. हे लिहावं लागतं याचंच नवल वाटतं.

सोनेरीपान
पैसे असतील तर गुंतवणुकीचा रस्ता, म्हणजे त्या देशात पैसे गुंतवून परवाना घेणं, सगळ्यात स्वच्छ. ना मालक, ना भाषेची परीक्षा.

दूरदेशी
स्वच्छ खरा, पण कधी बंद होईल याचा नेम नाही. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केला, आयर्लंडने वर्षभराने. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये घरखरेदीचा पर्याय काढला, स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून योजनाच गुंडाळली.

सोनेरीपान
नियम काय फक्त पैसेवाल्यांसाठी बदलतात? जर्मनीत तीन वर्षांत नागरिकत्वाची सवलत जून २०२४ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गेली. तिच्या भरवशावर भाषेचे वर्ग लावलेल्यांना विचारा. तुमचा 'आधी अटी वाचा' हा मंत्रही अटी बदलेपर्यंतच खरा.

उंबरठा
एवढी चर्चा झाली, पण जोडीदाराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ परवान्यावर आलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला सहसा नोकरी करता येते ती मुख्य परवानाधारकाचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० हा अर्ज मंजूर झाल्यावर, तीही वेगळी परवानगी काढून. तोवर पदव्या कपाटात. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं, भाषेची पूर्वअटही नाही. माझ्यासाठी सगळा निकाल इथेच लागतो. दोघांच्या पगारावर घर चालत असेल तर एकाची नोकरी जाणं हे संकट असतं, आकाश कोसळणं नव्हे.

दूरदेशी
मान्य, पण जोडीदाराचा परवाना तरी स्वतःचा कुठे असतो? तोही दुसऱ्याला टांगलेलाच.

उंबरठा
कायमचा टांगलेला नसतो. जर्मनीत लग्नाचा संसार तिथे तीन वर्षं झाला असेल, तर विभक्त झाल्यावरही जोडीदाराला राहण्याचा स्वतंत्र हक्क मिळतो. छळाच्या प्रकरणात त्याआधीही. तुमच्या 'कशामुळे जातो' च्या यादीत घटस्फोट घाला. नोकरीच्या वर घाला.