मदत हवी आहे: मातीच्या रिपोर्टमध्ये नत्र (नायट्रोजन) 'कमी' आलंय पण गहू तर युरियाने लोळतोय, नेमकं किती टाकायचं?

नमस्कार मंडळी. शेती अण्णा (वडील) बघतात, मी पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार कोपरगावकडे गावी येतो, त्यामुळे आधीच सांगतो माझं ज्ञान यूट्यूबपुरतं आहे, हसू नका.

दोन एकर भारी काळी जमीन, पाटपाणी, सोयाबीन काढून गहू पेरलाय, आज पंधरावा दिवस. पेरताना एकरी एक गोणी डीएपी (नत्र आणि फॉस्फरसचं खत) आणि एक गोणी युरिया गेलाय. अण्णांचा वर्षानुवर्षाचा हिशोब एकरी चार गोण्या युरिया, म्हणजे अजून तीन टाकायच्यात. गेल्या वर्षी ओंब्या भरताना वारं सुटलं आणि निम्मा गहू झोपला, मावा (रस शोषणारी कीड) पण बेक्कार होता, हार्वेस्टरवाल्याने शेत बघूनच जास्त पैसे सांगितले. म्हणून यंदा मी हट्टाने माती तपासून आणली.

रिपोर्ट असा: सामू (पीएच) ८.३, सेंद्रिय कर्ब ०.३९ टक्के, नत्र १७२ (कमी), स्फुरद (फॉस्फरस) १४, पालाश (पोटॅश) ४८०, चुनखडी ९ टक्के. आता अण्णा म्हणतात बघ, कागदच सांगतोय नत्र कमी आहे, आणि तू मला युरिया कमी कर म्हणतोस. शिफारस शोधली तर बागायती वेळेवर पेरलेल्या गव्हाला नत्र १२०, स्फुरद ६०, पालाश ४० किलो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे १२० साठी २६० किलो युरिया, जवळपास सहा गोण्या!! मग चार गोण्यांत गहू लोळतो कसा? माझं कुठे चुकतंय ते प्लीज सांगा, सहा दिवसांनी पाणी आहे, त्याआधी ठरवायचंय.

---

वाफसा: भाऊ, १२० किलो हेक्टरला आहे, एकराला नाही 😀 अडीचने भागा.

---

काळी_माती: वरच्या भाऊंनी बरोबर पकडलं. नीट मांडतो. एकरी नत्र लागतं ४८ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीतून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद आलं, स्फुरदाचं काम तिथेच झालं. राहिलं ३९ किलो नत्र, त्याला ८५ किलो युरिया, म्हणजे दोन गोण्यांना पण पाच किलो कमी (गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे, अजून बरेच जण ५० धरून चालतात). तुमचे अण्णा चार गोण्या टाकतात म्हणजे डीएपी धरून एकरी ९२ किलो नत्र, शिफारशीच्या जवळपास दुप्पट. लोळणार नाही तर काय होईल? नत्र जास्त झालं की काडी उंच आणि लुसलुशीत होते, पान गर्द हिरवं राहतं, मावा आणि तांबेरा (बुरशीचा रोग) दोघांनाही तेच आवडतं.

तुमचं आत्तापर्यंत ३० किलो नत्र गेलंय. राहिलं १८. म्हणजे २१ दिवसाच्या पाण्याला एकरी एक गोणी, बास. रिपोर्टमध्ये कमी आलंय म्हणून समजा पाव हिस्सा वाढवला तरी ६० किलो होतं, म्हणजे दीड गोणी. तीन कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

---

शेतकरीपुत्र_नगर: युरिया बंद करून नॅनो युरियाची बाटली (पातळ युरिया) फवारा, एक बाटली = एक गोणी, वाहतूक पण वाचते

---

काळी_माती: दादा, सुरुवातीच्या बाटलीवर नत्र ४ टक्के लिहिलेलं होतं, अर्ध्या लिटरमध्ये झालं साधारण २० ग्रॅम. गोणीत आहे २० किलो. पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं प्रयोग केला, त्यात गव्हाचं उत्पादन २१.६ टक्क्यांनी घटलेलं आलं. फवारायची तर फवारा, पण गोणीच्या बदल्यात धरू नका.

---

मातीवाली_ताई: माझं शिक्षण मृदशास्त्रात झालंय म्हणून त्या 'कमी'बद्दल दोन शब्द, कारण खरा घोळ तिथे आहे. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय कर्ब टिकत नाही, आणि कर्ब कमी तिथे नत्र कमी, त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांच्या कार्डावर नत्र 'कमी'च येतं. हेक्टरी २८० किलोच्या खाली सगळंच कमी. पण स्फुरद-पालाश जसे जमिनीत साठून राहतात तसं युरियातलं नत्र राहत नाही. ते दुधासारखं आहे, आज आणलं ते आजच वापरायचं. यंदा चार गोण्या टाकल्या म्हणून पुढच्या रिपोर्टमध्ये 'भरपूर' येणार नाही, जास्तीचं एकतर हवेत जातं नाहीतर पाण्याबरोबर खाली.

तुमच्याकडे सामू ८.३ आणि चुनखडी, म्हणजे हवेत जायचं प्रमाण जास्त. युरिया ओल्या मातीवर पडला की विरघळून त्याचा अमोनिया होतो आणि अशा जमिनीत तो सरळ उडून जातो. अण्णा कसा टाकतात ते विचारा. पाणी दिल्यावर चिखलात फेकत असतील तर चार गोण्या का लागतात त्याचं अर्धं उत्तर मिळालं. एकतर पाण्याच्या अगदी आधी कोरड्यावर फेकून लगेच हलकं पाणी द्या, नाहीतर वाफसा आल्यावर (पाय रुतत नाही पण ओल आहे तेव्हा) टाकून कोळपणी करा, मातीत मिसळला पाहिजे. सकाळच्या दवात नको, पानाला चिकटून करपतं. आणि वाफ्यात पाणी साचू देऊ नका, भारी जमिनीत पाणी तुंबलं की उरलेलं नत्र पण वायू होऊन जातं.

कर्ब वाढवायचा असेल तर शेणखताशिवाय इलाज नाही. अकोल्याला कृषी विद्यापीठात १९८८ पासून एकाच काळ्या रानात ज्वारी-गहू घेऊन खतांचा प्रयोग चालू आहे, तिथे नुसतं नत्र दिलेले वाफे मागे पडले आणि रासायनिक खतासोबत शेणखत दिलेले पुढे गेले.

---

वाफसा: हे सगळं खरं आहे ताई पण २६६ रुपयाला गोणी मिळते, हात सैल सुटतोच. दोनशे सहासष्टात मनाचं समाधान दुसरं कुठे मिळतंय? धागाकर्ते, तुम्ही अण्णांशी वाद घालू नका. दोन-तीन वाफे तुमच्या हिशोबाने करा, बाकी त्यांच्या. खुंट्या रोवा आणि काढताना वेगळं वजन करा.

---

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार, हेक्टरचं वाचून स्वतःचंच हसू आलं, इंजिनिअर आहे हे कुणाला सांगू नका. अण्णांना विचारलं, पाणी दिल्यावर तिसऱ्या दिवशी पाय रुतत असताना फेकतात, "तेव्हाच तर विरघळतो" म्हणे. ताईंचं वाचून दाखवलं तर काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतःच म्हणाले, कर तुझे चार वाफे. एकरी एक गोणीच्या हिशोबाने, पाण्याच्या आधी. फक्त वाफे विहिरीच्या बाजूचे घ्यायचे, रस्त्याकडचे नाही, येणारे-जाणारे बघतात.

एकच राहिलं, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी गहू पिवळट वाटला तर उरलेली अर्धी गोणी तेव्हा टाकलेली चालेल का?

---

मातीवाली_ताई: चालेल. पण आधी बघा कुठलं पान पिवळं पडतंय. खालची जुनी पानं पिवळी म्हणजे नत्र, अर्धी गोणी टाका. वरची कोवळी पानं शिरांमधून पिवळी म्हणजे तुमच्या चुनखडीत लोह मिळत नाहीये, तिथे युरिया टाकून काही होणार नाही. फोटो टाका, बघून सांगते.