मदत हवी आहे: वेल्डिंग इन्स्पेक्टरला व्हिसा देणाऱ्या कंपन्या सांगा (अर्जंट)

कॅपपास (धागाकर्ता)
सरळ मुद्द्यावर येतो. सीस्विप ३.१ (वेल्डिंग इन्स्पेक्टरचं ब्रिटिश सर्टिफिकेट) झालंय. एनडीटी (जोड न तोडता तपासणं) लेव्हल टू आहे. चार महिन्यांत दोनशेच्या वर अर्ज टाकले. तीन ठिकाणांहून उत्तर आलं आणि तिन्हीकडे तेच, "सध्या स्पॉन्सरशिप देत नाही." वेल्डिंग इन्स्पेक्टरचा व्हिसा स्वतः काढणाऱ्या कंपन्यांची नावं हवी आहेत. देश कुठलाही चालेल. "लिंक्डइनवर बघ" वगैरे नको, ते सगळं करून झालंय. शुक्रवारच्या आत सांगा.

रूटगॅप
अनुभव किती वर्षांचा? कशातला? पाइपलाइन, स्ट्रक्चर, व्हेसल (दाबाची टाकी)? शिक्षण काय? सर्टिफिकेटची मुदत कधी संपते? "देश कुठलाही" म्हणालात तर उत्तरही कुठलंही येईल.

आखातरिटर्न
गल्फ. विषय संपला. तिथे स्पॉन्सरशिप देता का, असं विचारावंच लागत नाही, कंपनीने परमिट काढल्याशिवाय कामावर घेताच येत नाही. अकरा वर्षं काढली आहेत, अनुभवाने सांगतोय.

निवांत
जर्मन शिका. जून २०२४पासून तिथे ऑपॉर्च्युनिटी कार्ड सुरू झालंय, नोकरी हातात नसताना जाऊन शोधता येते. स्पॉन्सर हवाच कशाला?

रूटगॅप
निवांत, त्यांनी स्पॉन्सर देणारी कंपनी विचारलीय. तुम्ही स्पॉन्सर नको म्हणताय. शिवाय त्या कार्डासाठी तिथे राहण्याच्या खर्चाची सोय आधी दाखवावी लागते, ते सांगायचं राहिलं.

कॅपपास
अनुभव १२ वर्षं. डिप्लोमा मेकॅनिकल. मुदत आहे अजून. आता सांगा.

फिल्मवाचक
"मुदत आहे अजून" म्हणजे किती? सीस्विप पाच वर्षांचं असतं. पाचव्या वर्षी कामात खंड नाही याचा पुरावा आणि डोळ्यांची तपासणी देऊन वाढवून मिळतं, दहाव्या वर्षी पुन्हा परीक्षा. कंपनीने आज तुमचं नाव क्लायंटकडे पाठवलं तर मंजुरी आणि व्हिसा होईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. तोवर सर्टिफिकेट जिवंत असायला हवं.
आणि लेव्हल टू कोणी दिलंय? हे नीट सांगा.

कॅपपास
चार महिने राहिलेत. लेव्हल टू आधीच्या कंपनीने दिलं होतं. पीटी, एमटी, यूटी (रंगद्रव, चुंबक आणि ध्वनिलहरींनी तपासणी).

फिल्मवाचक
मग ते लेव्हल टू आज तुमच्याकडे नाही, असंच धरा. एसएनटी-टीसी-वनए या अमेरिकन शिफारशीखालचं सर्टिफिकेट मालकाचं असतं. नोकरी सोडली की त्याची किंमत प्रशिक्षणाच्या नोंदीपुरती. नवी कंपनी तुमचं ट्रेनिंग, तास बघून स्वतःची परीक्षा घेऊन पुन्हा देऊ शकते, पण सीव्हीवर "आहे" लिहून पाठवलंत की ज्याला हे माहीत आहे तो तिथेच थांबतो. आयएसओ ९७१२ या आंतरराष्ट्रीय मानकाखालचं असतं तर गोष्ट वेगळी, ते माणसाबरोबर जातं.
दोनशे अर्जांतले निम्मे इथेच गेले असतील. दुखलं तर माफ करा.

यूटीवाला
म्हणूनच म्हणतो, व्हिज्युअलच्या मागे लागू नका. फेज्ड ॲरे (यूटीचा प्रगत प्रकार) करा. वेल्ड बघणारे ढिगाने आहेत, फेज्ड ॲरेचा डेटा वाचणारे मोजके. मी तेच केलं, सहा महिन्यांत बाहेर.

आखातरिटर्न
त्याला शुक्रवारपर्यंत हवंय आणि तुम्ही त्याला कोर्सला बसवताय.
बरं कॅपपास, सीडब्ल्यूआय (अमेरिकन वेल्डिंग इन्स्पेक्टर सर्टिफिकेट) आहे का? आखातात आणि अमेरिकन कोडवर (नियमावलीवर) चालणाऱ्या कामावर सीडब्ल्यूआयला मान आहे. तीन पेपर, प्रत्येकात ७२ टक्के, तिसरा कोडचं पुस्तक उघडून. पोपटपंची चालत नाही.

रूटगॅप
सीस्विपमध्ये काय पोपटपंची चालते? हातात गेज देऊन प्लेट आणि पाइपचा तुकडा समोर ठेवतात, स्केच काढून अंडरकट (जोडाच्या कडेची खाच), मिसअलाइनमेंट मापून लिहावं लागतं. दोन्ही केलेल्याने तुलना करावी.

आखातरिटर्न
दोन्ही केलेत म्हणूनच बोलतोय.

रूटगॅप
मग हेही माहीत असेल की जाहिरातीत बहुतेकदा "सीस्विप ३.१ किंवा सीडब्ल्यूआय" असंच असतं. ज्याच्याकडे एक आहे त्याला दुसरं करायला लावून काय साधणार?

शुद्धलेखन
"इन्स्पेक्टर"ला निरीक्षक हा चांगला शब्द असताना तो कुणीच का वापरत नाही? संधाता निरीक्षक म्हणता येईल.

यूटीवाला
संधाता म्हणजे जोडणारा, वेल्डर. जोड तपासणारा म्हणजे संधान निरीक्षक. आणि साइटवर असं म्हणालात तर हाक तुमच्यापर्यंतच पोचणार नाही.

कॅपपास
विषयावर या ना, राव. मी नावं मागितली होती.

फिल्मवाचक
नावं सांगते, त्यात गुपित काही नाही. थर्ड पार्टी इन्स्पेक्शनवाले: ब्युरो व्हेरिटास, एसजीएस, इंटरटेक, टीयूव्हीच्या कंपन्या, अ‍ॅप्लस. मग ईपीसी (डिझाइनपासून उभारणीपर्यंत सगळं करणारे) ठेकेदार आणि त्यांना माणसं पुरवणारे. पण यादीने तुमचं काम होणार नाही. यातली प्रत्येक कंपनी एकीकडे व्हिसा देते आणि दुसरीकडे नाकारते. व्हिसा प्रोजेक्टवरच्या जागेला मिळतो. जागा असते "पायपिंग क्यूसी (गुणवत्ता तपासणी), बी ३१.३ (प्रोसेस पायपिंगचा कोड), अमुक क्लायंटची मंजुरी लागेल" अशी. ठेकेदार तुमचा सीव्ही क्लायंटकडे धाडतो. तिथून होकार आला की मगच कोणी व्हिसावर पैसे घालतं. सौदीत आरामको या तेल कंपनीच्या कामावर इन्स्पेक्टरला त्यांची स्वतःची मंजुरी लागते, ती ज्याच्याकडे आधीपासून आहे त्याला फोन करून बोलावतात. तुमच्याकडे नसेल तर तुमचा सीव्ही क्लायंटच्या टेबलावर टिकेल असा हवा. त्यात काय लिहिलंय ते इथे टाका, नाव-गाव काढून.

कॅपपास
"१२ वर्षांचा वेल्डिंग व क्यूसीचा अनुभव. सर्व प्रकारच्या वेल्डिंगचे ज्ञान. टीम प्लेअर." मग सर्टिफिकेट, मग कंपन्यांची नावं. दोन पानं आहेत.

रूटगॅप
यात एकही कोड नाही. मटेरियल नाही. जाडी नाही, व्यास नाही. डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसं करायचं तो कागद) वाचता की लिहिता, वेल्डर क्वालिफिकेशन टेस्ट घेतल्यात का, आयटीपीमधले (तपासणीच्या आराखड्यातले) होल्ड पॉइंट, म्हणजे सहीशिवाय काम पुढे न जाणारे टप्पे, कोणाच्या सहीने सुटत होते, काही नाही. मी निवडणारा असतो तर मीही पुढे गेलो असतो.
१२ वर्षांत नेमकं काय केलंत? साध्या शब्दांत सांगा.

कॅपपास
पहिली पाच वर्षं शॉपमध्ये फोरमन, मग स्ट्रक्चरचं क्यूसी. मधली दोन वर्षं वीज केंद्रात बॉयलर पायपिंगच्या दुरुस्तीवर होतो, पी ९१ या उष्णता सोसणाऱ्या मिश्रपोलादाचे जोड, ते साधं मेंटेनन्सचं काम होतं म्हणून वेगळं लिहिलं नाही. आता गेली तीन वर्षं व्हेसल शॉपमध्ये.

रूटगॅप
थांबा.
पी ९१ केलंय आणि सीव्हीत नाही?

आखातरिटर्न
कपाळ माझं.

फिल्मवाचक
कॅपपास, ते साधं काम नाही हो. प्रीहीट सुटलं, दोन थरांमधलं इंटरपास तापमान वर गेलं किंवा पीडब्ल्यूएचटीचा (वेल्डनंतरच्या उष्णोपचाराचा) ग्राफ चुकला की तो जोड नंतर चालू बॉयलरमध्ये क्रीपने (उष्णतेत हळूहळू ताणून) फाटतो. हार्डनेस कोण घ्यायचं? चार्ट कोण तपासायचं?

कॅपपास
मीच. रात्रपाळीला दुसरं कोण असणार. हीटिंग पॅडवाल्यांचे थर्मोकपल (तापमानाचे सेन्सर) कुठे लावलेत तेही मीच बघायचो, एकदा दोन सुटलेले सापडले होते म्हणून अख्खी सायकल परत करायला लावली, मॅनेजरने आठवडाभर बोलणं टाकलं होतं.

फिल्मवाचक
हे लिहा. मॅनेजरचं सोडून. "बी ३१.१ पॉवर पायपिंग, पी ९१, इतके जोड, प्रीहीट ते हार्डनेस संपूर्ण तपासणी." तुमचा सीव्ही याच ओळीपासून सुरू व्हायला हवा.

दहावा मजला
अनुभवाचं पत्र फोरमनचं असेल तर "इन्स्पेक्टर" करून घ्या, आमच्याकडे सगळे करतात. कोण बघतंय.

रूटगॅप
सगळे बघतात. सीस्विप आणि सीडब्ल्यूआय दोन्हींची पडताळणी ऑनलाइन होते, आणि जुन्या कंपनीला मेल जातो. पत्र खोटं निघालं तर त्या क्लायंटकडे तुमचं नाव कायमचं खराब. फोरमन होतात तर फोरमनच लिहा. सीस्विपवाल्यांनाही वेल्डिंगच्या पर्यवेक्षणाचा अनुभव पात्रतेत चालतो, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

निवांत
यूकेचं काय? तिथे इंग्रजीच आहे. (जर्मन शिका हे मत कायम.)

रूटगॅप
यूकेत सरकार परवानाधारक स्पॉन्सरांची पूर्ण यादी प्रसिद्ध करतं, फुकट बघता येते. कॅपपास, तुम्ही मागताय ती यादी तीच! पण २२ जुलै २०२५पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला काम पदवीच्या पातळीचं लागतं आणि सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंडांवर गेली. त्याखालच्या कामांना मोजकेच अपवाद. डिप्लोमावर टेक्निशियन म्हणून जायचा रस्ता बराच अरुंद झालाय. तुम्हाला तीनदा "देत नाही" आलं ते तिकडूनच का?

कॅपपास
दोन तिकडून. एक कॅनडा.

यूटीवाला
कॅनडात बहुतेक ठिकाणी मालकाला आधी एलएमआयए (स्थानिक माणूस मिळत नाही याची सरकारी मंजुरी) घ्यावं लागतं, त्याची १,००० डॉलर फी त्यानेच भरायची, कामगाराकडून वसूल करता येत नाही. वर इन्स्पेक्टर म्हणून तिथल्या कोडवर काम करायचं तर सीएसए डब्ल्यू १७८.२ या तिथल्या इन्स्पेक्टर मानकाची पातळी मागतात, सीस्विप बघून लगेच घेतीलच असं नाही. तिथे फेज्ड ॲरे...

आखातरिटर्न
आला परत फेज्ड ॲरे.

फिल्मवाचक
मला एक खटकतंय. शुक्रवार का? चार महिने थांबलात, मग हा शुक्रवार कुठून आला?

कॅपपास
एका एजंटकडे ऑफर आहे. यूएईत शटडाऊन (प्लँट बंद ठेवून दुरुस्ती), ६० दिवस, मग कायम करू म्हणतात. शुक्रवारी पैसे भरायचेत, माझ्या इथल्या साधारण तीन पगारांएवढे. व्हिसा प्रोसेसिंग म्हणून. आधी व्हिजिट व्हिसावर जायचं, तिथे गेल्यावर बदलून देतील. म्हणून दुसरी एखादी कंपनी मिळते का बघत होतो.

रूटगॅप
ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहायची होती.

आखातरिटर्न
गल्फची बाजू सगळ्यात जास्त मीच घेतोय, म्हणून माझं ऐका. भरू नका. यूएईच्या २०२१च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मनाई आहे, थेटही नाही आणि आडूनही नाही. व्हिजिटवर काम करणं बेकायदा. विनापरमिट माणूस ठेवणाऱ्याला २०२४च्या दुरुस्तीनंतर १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. खरी कंपनी आपल्या इन्स्पेक्टरसाठी हा धोका का घेईल? खऱ्या नोकरीत तिथल्या मंत्रालयाच्या नमुन्यातली ऑफर आधी येते, त्यावर सही होते, मग एंट्री परमिट, मग विमान.
मी पहिल्या खेपेला असाच गेलो होतो. कुठे ते सांगत नाही. ५८व्या दिवशी साइटच्या गेटवर नाव पुकारलं गेलं नाही, आणि ज्याने पाठवलं त्याचा फोन बंद. परतीचं तिकीट मित्राने काढलं.

दहावा मजला
पण असे जाऊन सेट झालेलेही खूप आहेत.

आखातरिटर्न
आहेत. त्यांच्याबरोबर गेलेले किती परत आले ते ते सांगत नाहीत.

फिल्मवाचक
कॅपपास, एजंटला चार गोष्टी विचारा: ठेकेदार कोण, क्लायंट कोण, प्लँटमध्ये कोणतं युनिट बंद होणार, आणि मुलाखत कोण घेणार. वेल्डिंग इन्स्पेक्टरला मुलाखतीशिवाय कोणी घेत नाही. अंडरकटची मर्यादा तरी विचारतातच.

कॅपपास
मुलाखत झाली नाही. फक्त पासपोर्टची कॉपी मागितली.

यूटीवाला
झालं तर मग.

शुद्धलेखन
वेगळा प्रश्न आहे, पण विचारतो. डोळ्यांच्या तपासणीचं वर आलं. मला चाळिशी लागली आहे, चष्म्याने चालतं का? मी या क्षेत्रात नाही, पुतण्यासाठी विचारतोय.

फिल्मवाचक
पुतण्याला चाळिशी? चालतं, चष्मा लावून जवळचं वाचता आलं की झालं. रंग ओळखण्याची तपासणीही असते, तिथे चष्मा उपयोगाचा नाही.

कॅपपास
एजंटला फोन केला. क्लायंट कोण विचारल्यावर "तुम्हाला जायचंय की चौकशी करायचीय" म्हणाला. नंतर मेसेज आला, जागा भरली.
सीस्विपच्या नूतनीकरणाचे कागद आज काढले. वीज केंद्रातल्या जुन्या साहेबांचा नंबर सापडला, त्यांना पी ९१च्या कामाचं पत्र मागतोय. जोडांचा आकडा मात्र आठवत नाही, दोनशेच्या आसपास असतील. अंदाजे लिहू का?

रूटगॅप
अंदाजे नको. साहेबांना वेल्ड समरी शीट विचारा, आकडा त्यात असेल. नसेल तर आकडा गाळा आणि पाइपचा व्यास आणि जाडी लिहा, ती तरी आठवत असेल?

कॅपपास
ती झोपेत विचारली तरी सांगेन.