मदत हवी आहे : द्राक्षाच्या पानांपासून केलेले झिंक ऑक्साइड पाणी खरोखर स्वच्छ करते, की रंग नुसता शोषून घेते?

नमस्कार. मी सांगलीत एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वनस्पतींच्या अर्कातून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण तयार करून त्यांच्या साहाय्याने, प्रकाशात, पाण्यातील रंग नष्ट करणे, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. प्रयोग वरवर पाहता जमला आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने मला तो शंकास्पद वाटू लागला आहे.

माझ्या मामांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी पानगळ केल्यावर बागेत पानांचा खच पडतो. तोच गोळा करून आणला. सावलीत वाळवलेली २० ग्रॅम पाने २०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ८० अंशांवर अर्धा तास ठेवून अर्क गाळला. ५.९५ ग्रॅम झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट (म्हणजे ०.०२ मोल) पाण्यात विरघळवून त्यात ५० मिलिलिटर अर्क मिसळला आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने घालत पीएच १०च्या आसपास नेला. मळकट पांढरा साका आला. तो दोनदा धुऊन, वाळवून, मफल भट्टीत ४०० अंशांवर दोन तास तापवला.

पहिली शंका वजनाची आहे. ०.०२ मोल जस्तापासून जास्तीत जास्त १.६३ ग्रॅम झिंक ऑक्साइड मिळायला हवे, पण माझ्या हाती करड्या रंगाची १.९२ ग्रॅम पूड आली. एक्सआरडीत (स्फटिक ओळखण्याच्या क्ष-किरण चाचणीत; येथे अंश म्हणजे कोन) ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांवर झिंक ऑक्साइडची शिखरे स्वच्छ दिसतात आणि शिखराच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्राने स्फटिकाचा आकार सुमारे २० नॅनोमीटर येतो, मात्र २९.४ अंशांवर एक लहान, आगंतुक शिखरही आहे.

दुसरी शंका रंगाची. मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या १०० मिलिलिटर द्रावणात (लिटरला १० मिलिग्रॅम) ५० मिलिग्रॅम पूड घालून अर्धा तास अंधारात ढवळले, तेव्हाच रंग जवळपास निम्मा उतरला. नंतर गच्चीवर दुपारच्या उन्हात दीड तासात द्रावण जवळजवळ रंगहीन झाले, पण तळाशी बसलेली पूड निळसर दिसत होती. एका परिचितांनी आणून दिलेल्या, सुती कापड रंगवून उरलेल्या पाण्यावर हीच पूड वापरली, तर फरक नावापुरताच पडला. (अनेकांनी सांगलीतल्या शेरी नाल्याचे पाणी घेऊन पाहा असे सुचवले, परंतु तो प्रश्न सांडपाण्याचा आहे, रंगाचा नव्हे, म्हणून मी तो मोह टाळला.)

तिसरी शंका सर्वांत अवघड. सादरीकरणात मला विचारण्यात आले की यात पानाचे काम नेमके काय. मी वाचलेले उत्तर दिले की अर्कातील पॉलिफिनॉल (वनस्पतींतील एक संयुगगट) क्षपण घडवून आणतात, म्हणजे धातूच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतात. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आले की झिंक नायट्रेटमध्ये जस्त अधिक दोन (+२) ऑक्सिडीकरण अवस्थेत असते आणि झिंक ऑक्साइडमध्येही तेच असते. मग क्षपण झाले कशाचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमची तिसरी शंका अगदी रास्त आहे. चांदीच्या नॅनोकणांत अर्क खरोखर क्षपण करतो. तेथील वाक्य उचलून झिंक ऑक्साइडच्या लेखांत जसेच्या तसे चिकटवले जाते. झिंक ऑक्साइडच्या बाबतीत पॉलिफिनॉल जस्ताच्या आयनांना धरून ठेवतात आणि कणांवर आवरण करून त्यांची वाढ व गुठळ्या होणे रोखू शकतात, इतकेच म्हणता येते. ते तुमच्या प्रयोगात घडले की नाही, हे ठरवायचे तर अर्काऐवजी ५० मिलिलिटर साधे ऊर्ध्वपातित पाणी घेऊन, बाकी सर्व कृती तीच ठेवून दुसरी पूड करावी लागेल. सोडियम हायड्रॉक्साइड एकट्यानेही झिंक ऑक्साइड देते, त्यामुळे या तुलनेवाचून पानाला श्रेय देता येणार नाही.

आता पानांविषयी. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाची फवारणी होते, म्हणजे मोरचूद आणि चुना. तुम्ही पाने धुतल्याचा उल्लेख केलेला नाही. २९.४ अंश ही कॅल्साइटची, म्हणजे चुन्यापासून बनणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकाची, ओळखीची जागा आहे, आणि कॅल्शियम कार्बोनेट ४०० अंशांना विघटित होत नाही. जादा वजनाचा काही भाग तेथून, काही न जळलेल्या कार्बनमधून आणि काही, दोनच वेळा धुतल्यामुळे, सोडियमच्या क्षारांतून आलेला असू शकतो.

एक स्वस्त चाचणी करून पाहा. चिमूटभर पूड परीक्षानळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. फसफसले तर कार्बोनेट आहे. झिंक ऑक्साइड न फसफसता विरघळते. काळे कण तळाशी उरले तर तो कार्बन. वरचे द्रावण गाळून त्यात अमोनिया जादा घाला. गडद निळा रंग आला तर तांबे आहे, कारण जस्ताचे द्रावण रंगहीनच राहते. मात्र चुना काढायचा म्हणून सगळी पूड व्हिनेगरने धुऊ नका; चुन्याबरोबर झिंक ऑक्साइडही विरघळून जाईल.

प्रतिसाद २

मी रंगाच्या शंकेपुरते लिहितो. अर्धा तास हा आकडा पवित्र नाही. अंधारात दर दहा मिनिटांनी नमुना काढून, रंगाच्या तीव्रतेचे वाचन स्थिर होईपर्यंत थांबा आणि त्यानंतरच ऊन दाखवा. प्रत्येक नमुना सेंट्रिफ्यूज करा (वेगाने फिरवून कण तळाशी बसवा), कारण तरंगणारे बारीक कण प्रकाश विखुरतात आणि वाचन चुकते. पूड न घातलेले द्रावणही शेजारी उन्हात ठेवा. मेथिलीन ब्लू नुसत्या उन्हानेही काहीसे फिके पडते. शेवटी निळसर झालेली पूड अल्कोहोलमध्ये ढवळा. निळा रंग अल्कोहोलमध्ये उतरला, तर तेवढा रंग नष्ट झालेला नव्हता, फक्त चिकटलेला होता.

झिंक ऑक्साइडला सुमारे ३७५ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो, आणि उन्हात अशा अतिनील किरणांचा वाटा अगदी थोडा असतो. म्हणून सांगलीच्या उन्हाची धग किती, यावर निष्कर्ष काढू नका. एकाच दिवशी, एकाच वेळी सर्व चंचुपात्रे ठेवा.

कापडाच्या पाण्यात पूड का हरली, याचे कारण मला रंगाच्या जातीत दिसते. मेथिलीन ब्लू धनभारित आहे. सुती कापडाचे रिअॅक्टिव्ह रंग ऋणभारित असतात, आणि ते पक्के करताना मीठ व धुण्याचा सोडा भरपूर वापरतात. पीएच ९च्या बराच वर गेला की झिंक ऑक्साइडचा पृष्ठभागही ऋणभारित होतो आणि रंगाला दूर लोटतो. शिवाय कार्बोनेट आणि क्लोराइड, प्रकाशामुळे तयार होणाऱ्या, रंग तोडणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलकांना (अतिशय क्रियाशील कणांना) आधीच गिळून टाकतात. आम्ल घालून पीएच उतरवताना ७च्या खाली जाऊ नका, नाहीतर पूडच विरघळू लागेल. रंग गेला तरी सीओडी (पाण्यातील सेंद्रिय पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) मोजा. तो फारसा उतरला नसेल तर रेणूचे तुकडे पाण्यातच आहेत. पाण्यात उतरलेले जस्तही तपासा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात त्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आम्लाची चाचणी आजच केली. पूड स्पष्टपणे फसफसली आणि काळे कण तळाशी उरले. अमोनियाने निळा रंग मात्र डोळ्यांना जाणवला नाही. अल्कोहोल पहिल्या पाच मिनिटांतच निळे झाले, तेव्हा मी गच्चीवर मिरवलेल्या यशाचा बराच भाग त्या बाटलीत उतरला आहे.

मामांना विचारले, तर पानगळीच्या आधीच्या आठवड्यातच बोर्डो मारल्याचे ते म्हणाले. आता फवारणी न झालेली हळदीची पाने नळाखाली आणि मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन घेते आणि त्यांच्यासोबतच बिनअर्काची पूडही करते. पहिली पूड वहीत ‘मिश्र’ अशी नोंद करून बाजूला ठेवली आहे. एकच विचारायचे राहिले : कार्बन जाळण्यासाठी तापमान ५०० अंशांवर न्यावे, तर कण वाढून २० नॅनोमीटरचा आकार हातचा जाईल का, की ४०० अंशांवरच वेळ वाढवणे बरे?