गराजचं दार रुळावरून उतरलं : तुमचेही अनुभव लिहा

मागच्या सोमवारी सकाळी सव्वासातला आमच्या गराजचं दार अडकलं. १६ फुटी दार, डावी बाजू गुडघ्यापर्यंत वर, उजवी घोट्याशी. गाडी आत, मी आत, आणि आठची मीटिंग पाऊण तासावर. न्यू जर्सीतला जानेवारी, बाहेर १८ फॅरनहाइट. आदल्या संध्याकाळी लेकाने गाडी मागे घेताना दाराला टेकवली होती. "काही नाही झालं बाबा," असा निर्वाळाही दिला होता.

मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर टण्णकन आवाज आला आणि उजवीकडची केबल ड्रमवरून (ती गुंडाळली जाते त्या चाकावरून) सुटून लोंबायला लागली.

दुपारी कारागीर आला. त्याने दोन मिनिटं बघून विचारलं, "किती वेळा दाबलंत?" म्हणे पहिल्या वेळी फक्त दोन रोलर (दाराच्या कडेची चाकं) बाजूच्या पट्टीबाहेर, म्हणजे रुळाबाहेर, आले होते, ते अर्ध्या तासाचं काम होतं. दुसऱ्या वेळी पट्टी वाकली, तिसऱ्या वेळी केबल गेली. रोलर, उभ्या पट्टीचा तुकडा, दोन्हीकडच्या केबल (जोडीनेच बदलतात) आणि मजुरी धरून ४१० डॉलर.

तुमचंही लिहा. गराज, दुकानाचं शटर, बंगल्याचं सरकतं गेट, काहीही चालेल. काय बिघडलं, त्यात आपण काय भर घातली आणि किती गेले?

०००

शिकागोजवळून लिहितेय. आमच्याकडे आधी स्प्रिंग तुटली, मग दार उतरलं. रात्री साडेअकराला धाडकन आवाज. नवऱ्याला वाटलं गोळी सुटली, मला वाटलं मांडणीवरचा कुकर पडला. सकाळी बघतो तर दारावरच्या दांड्याची स्प्रिंग मधोमध तुटलेली, दोन बोटं फट.

गाडी तर काढायची होती. म्हणून लाल दोरी ओढून मोटर सोडवली आणि दोघांनी दार उचलायला घेतलं. तो उंच, मी बुटकी. त्याची बाजू वर गेली, माझी राहिली, आणि माझ्याकडचे रोलर एकामागून एक पट्टीतून बाहेर.

दुरुस्तीवाल्याने सांगितलं की साधी स्प्रिंग साधारण १०,००० उघडझापींसाठी बनवलेली असते. दिवसाला चार धरल्या तर सातेक वर्षं. आमचं घर आठ वर्षांचं. पुढच्या दाराला तोरण लावतो, रांगोळी काढतो, पण येणंजाणं सगळं गराजमधून! त्या वर्षी आमच्याच गल्लीत आणखी तीन घरांच्या स्प्रिंगा गेल्या. सगळी घरं एकाच वेळी बांधलेली, दुसरं काय होणार.

०००

लाल दोरीचा विषय निघालाच आहे तर मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून थोडं पिळतो. दार उघडं असताना स्प्रिंग तुटली असेल किंवा केबल सुटली असेल, तर लाल दोरीला हात लावू नका. तेव्हा दार बहुधा मोटरनेच धरून ठेवलेलं असतं. दोरी ओढली की दीडशे-दोनशे पौंडांचं दार धाडकन खाली.

एरवी तेच दार एका हाताने उचलता येतं ते स्प्रिंगमुळे. वजन स्प्रिंग पेलते, मोटर दाराला फक्त ढकलते. ताळा बघायचा असेल तर दार बंद असताना दोरी ओढा, हाताने कमरेपर्यंत उचला आणि हळूच सैल सोडून बघा. जागच्या जागी राहिलं तर ठीक. खाली यायला लागलं तर स्प्रिंग दमलीय.

रोलर, बिजागरी, सुटलेले स्क्रू हे घरी करा. स्प्रिंगच्या टोकाचे बोल्ट आणि दाराच्या तळाचा केबलचा ब्रॅकेट, हे दोन सोडून. तिथे सगळा ताण असतो. स्प्रिंग भरायला, म्हणजे तिला पीळ द्यायला, तिच्या मापाच्या सळया मिळतात. एका ओळखीच्याने सळईऐवजी स्क्रू ड्रायव्हर घातला, तो सटकून मनगट मोडलं.

०००

आमचं नाशिकला मेनरोडला किराणा दुकान आहे. शटर वडलांच्या काळचं. पुतण्या रोज आकडा एकाच कोपऱ्यात घालून ओढायचा, शंभरदा सांगितलं की मधोमध धर. शटरच्या आडव्या पट्ट्यांच्या एका बाजूच्या क्लिपा झिजल्या, एक पट्टी सरकली आणि गाइडमधून (कडेच्या उभ्या खाचेतून) बाहेर आली. रात्री दहाला शटर कमरेएवढं खाली येऊन बसलं. वर नाही, खाली नाही.

आत तेलाचे डबे, गल्ला, सगळा माल. जाणार कुठे? साखरेच्या पोत्यांवर गोणपाट टाकून तिथेच झोपलो.

सकाळी शटरवाला आला. हातोडी, पहार आणि पाइप पाना, बास. वाकलेली पट्टी बाजूने सरकवून अख्खी काढली, दुसरी ओवली, गाइडचं फाकलेलं तोंड ठोकून सरळ केलं. जाता जाता स्प्रिंगही दोन फेरे भरून दिली. १,४०० घेतले. आता पुतण्या मधोमध धरतो.

०००

शटर अर्धं उघडं म्हणजे रात्रभर गिऱ्हाईक येत असणार.

०००

साडेअकराला एक जण वाकून आत डोकावला, "काका, माचिस आहे का?" दिली.

०००

कोथरूडच्या आमच्या बंगल्याला लोखंडी सरकतं गेट आहे. शेजारच्या बांधकामाची खडी रुळात आली आणि चाक उडालं. हे हसण्यावारी नेऊ नका. गराजचं दार वाकडं होऊन निदान पट्टीत अडकतं. सरकतं गेट वरच्या आधारातून सुटलं तर अख्खं माणसाच्या अंगावर पडतं. आमच्याकडे रुळाच्या टोकाला गेट अडवणारा स्टॉपर गंजून निघाला होता आणि कुणाच्या लक्षातही नव्हतं. पडलं ते कुंड्यांवर. दोन मिनिटांपूर्वी तिथे पेपरवाला उभा होता. नवा स्टॉपर वेल्ड करायला दीडशे रुपये लागले.

०००

बे एरिया, कॅलिफोर्निया. फक्त पैशांचं सांगते. "३९ डॉलरमध्ये घरी येऊ" अशी जाहिरात बघून बोलावलं. त्याने केबल, स्प्रिंग, रोलर, मोटर "सगळंच जुनं झालंय" म्हणत १,१५० चा आकडा काढला आणि आज ठरवलं तरच सूट म्हणाला. त्याला ३९ देऊन वाटेला लावलं. दुसऱ्याने २६० मध्ये केलं, मोटरला हातही लावला नाही. आधी फोनवर विचारा, ३९ मध्ये नक्की काय येतं. आमच्या ३९ मध्ये नुसतं येणंच होतं.

०००

डॅलस. आमचं उतरलेलं दार बाबांनी परत रुळावर बसवलं. ते सांगलीचे, एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते, उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. मी फोनवर कारागीर शोधत होतो, हे चहाचा कप घेऊन दारासमोर स्टुलावर बसले. अर्धा तास नुसते बघत. मग म्हणाले, "दार चांगलं आहे. तुझी पट्टी भिंतीपासून सुटलीय."

खरंच, पट्टीच्या ब्रॅकेटचे दोन स्क्रू ढिले होते आणि ती अर्धा इंच बाहेर झुकली होती. बाबांनी मोटरची वायर काढायला लावली. उतरलेल्या रोलरच्या खालच्या रोलरखाली पट्टीला लॉकिंग पक्कड आवळली, म्हणजे दार खाली सरकायला नको. दुसऱ्या पकडीने पट्टीचा काठ बोटभर फाकवला, रोलर आत सारला आणि लाकडाचा ठोकळा धरून काठ पुन्हा सरळ ठोकला. स्क्रू आवळले. स्प्रिंगकडे बघून फक्त म्हणाले, "हिच्या वाटेला जायचं नाही."

मी उत्साहाने स्प्रेची बाटली घेऊन पट्टीवर मारायला लागलो तर हात धरला. "रुळाला तेल लावतात होय रे? चाकाला लावतात." पट्टी फडक्याने कोरडी पुसून घेतली आणि मग रोलरच्या बेअरिंगला थेंब थेंब.

०००

धागाकर्ता परत. बाबांचं ऐकून पट्टी पुसली, काळ्या मळाचं अख्खं फडकं निघालं.

एक शेपूट राहिलंच. दुरुस्तीनंतर दोन दिवसांनी दार निम्म्यावर येऊन परत वर जायला लागलं. म्हटलं गेले आणखी पैसे. पण कारण निघालं ते खाली दोन्ही बाजूंना असतात ते सेन्सर. इथे १९९३ पासूनच्या मोटरींना दार मिटताना काही आड आलं तर परत फिरण्याची सोय सक्तीची आहे. लेकाच्या हॉकी स्टिकने त्यातला एक फिरला होता. बोटाने सरळ केला, दिवा लुकलुकायचा थांबला, दार मिटलं.

लेकाने ४१० पैकी ५० द्यायची तयारी दाखवलीय, पाच हप्त्यांत. पहिला घेतला.