मेंदूच्या आजारांवरच्या संशोधनाचा पैसा कुठे जावा, हे रुग्णाने का ठरवू नये?

पाऊलखूण:

बाबांना पार्किन्सन्स होऊन ११ वर्षं झाली. मागच्या वर्षी दारातून जाताना त्यांचे पाय जमिनीला खिळले, वरचं अंग तेवढं पुढे गेलं आणि खुब्याचं हाड मोडलं. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना हे ‘खिळणं’ समजावून सांगावं लागणार नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली. घोळ झाला तो नंतर, वॉर्डात.

लेव्होडोपाची गोळी (मेंदूत कमी पडणारं डोपामिन हे रसायन भरून काढणारी) त्यांना दिवसातून ६ वेळा लागते, आणि घड्याळ लावून लागते. भरती करताना आमच्याजवळची सगळी औषधं जमा करून घेतली आणि गोळ्या ‘राउंडप्रमाणे’ सुरू केल्या, म्हणजे ३ वेळा. दुसऱ्या रात्री बाबांना पाणीसुद्धा गिळवेना. मळमळतंय म्हटल्यावर मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं. ते पार्किन्सन्सच्या माणसाला देऊ नये, कारण डोपामिन मेंदूत जिथे काम करतं ती जागाच ते अडवतं. हे मी घरी येऊन वाचलं. तिथे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही; त्या क्षणी कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

त्यानंतर मी एका रुग्णगटात जायला लागले. तिथे दोन मागण्या कायम असतात. आरोग्यव्यवस्था सुधारा आणि संशोधनाला जास्त निधी द्या. दुसरीला टाळ्या पडतात, पहिलीला नुसत्या माना डोलतात. माझं म्हणणं असं की या दोन मागण्या वेगळ्या नाहीतच. निधी वाटणाऱ्या समितीत रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे हवेत. शेवटी दोन मिनिटं अनुभव सांगण्यापुरते नकोत, मत देणारे हवेत.

हे हवेत बोलत नाहीये. ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स ही संस्था २००४ पासून रुग्ण, घरचे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनाचे प्रश्न ठरवते. पार्किन्सन्ससाठी २०१४ मध्ये जी यादी आली, तिच्यात पहिल्या क्रमांकावर ‘आजार मुळापासून बरा कसा करायचा’ हा प्रश्न नव्हता. तोल जाणं आणि पडणं कमी करायला कशाचा उपयोग होईल, हा होता. बाबा पडले नसते तर मला यातलं काही कळलंही नसतं.

बोला.

सूक्ष्मदर्शक:

असहमत. मी याच क्षेत्रात काम करतो, तेव्हा माझा स्वार्थ आधीच सांगून टाकतो. तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण तो वॉर्डाचा दोष आहे, निधीवाटपाचा नाही.

तुमच्या बाबांची ती गोळी आली कुठून? १९५७ साली स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना मेंदूतलं डोपामिन संपवणारं रेसर्पिन हे औषध दिलं. ससे निपचित पडले, हलेनात. मग एल-डोपा, म्हणजेच लेव्होडोपा, टोचलं आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडायला लागले. मेंदूत डोपामिनचं स्वतःचं काही काम आहे, हे तेव्हा बऱ्याच जाणकारांना मान्यही नव्हतं. कार्लसन यांना नोबेल मिळालं थेट २००० साली. आता सांगा, रुग्णांच्या समितीने त्या सशांना पैसे दिले असते? पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारलं असतं, ‘यात आमचं काय?’

आणि रुग्णांचा दबाव चालतो तेव्हा काय होतं तेही बघा. अल्झायमरवरचं अॅड्युकॅनुमॅब. २०२० च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीला विचारलं होतं की जी एक चाचणी अनुकूल आली, ती औषध लागू पडतं याचा मुख्य पुरावा धरायची का. १० जण ‘नाही’ म्हणाले, एकाने ‘सांगता येत नाही’ म्हटलं, ‘हो’ कुणीच नाही. रुग्णसंघटना मंजुरीसाठी जोर लावत होत्या. २०२१ च्या जूनमध्ये मंजुरी मिळाली, समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले. सुरुवातीची किंमत वर्षाला ५६,००० डॉलर. २०२४ च्या सुरुवातीला कंपनीनेच या औषधाचा गाशा गुंडाळला.

तळमळ म्हणजे पुरावा नव्हे.

तिरकस:

संशोधनाला निधी हवा ना? बादलीभर बर्फाचं पाणी डोक्यावर ओता, व्हिडिओ टाका, झालं. २०१४ साली अख्ख्या जगाने हेच केलं. त्यातल्या किती जणांना ए.एल.एस. म्हणजे काय ते आज सांगता येईल?

उंटावरचा_शहाणा:

@तिरकस, सांगता नसेल येत (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात, तो आजार), पण त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका संघटनेकडे ११.५ कोटी डॉलर जमले आणि त्यातल्या काही पैशांतून २०१६ मध्ये एनईके१ या जनुकाचा ए.एल.एस.शी असलेला संबंध पुढे आला. ओतलेलं पाणी अगदीच वाया गेलं नाही.

सूक्ष्मदर्शक:

अर्धी गोष्ट सांगितलीत, उरलेली मी सांगतो. त्याच बादलीतले काही पैसे ए.एल.एस.वरच्या रेलिव्हरिओ या औषधाच्या सुरुवातीच्या चाचणीत गेले. २०२२ च्या मार्चमध्ये सल्लागार समितीने ६ विरुद्ध ४ मतांनी ‘पुरावा पुरेसा नाही’ म्हटलं. सप्टेंबरमध्ये समिती पुन्हा बसली, मत फिरलं, मंजुरी मिळाली. २०२४ च्या मार्चमध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला: औषध आणि बिनऔषधाची पुडी यांत फरक नाही. एप्रिलमध्ये औषध बाजारातून मागे घेतलं. दीड वर्ष लोक ती कडवट पूड पाण्यात कालवून पीत होते.

पाऊलखूण:

ती पूड पिणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं तुम्हाला वाटतं का? ए.एल.एस. झाल्यावर बहुतेकांच्या हातात २ ते ५ वर्षं असतात. ‘मोठी चाचणी होईपर्यंत थांबा’ हे वाक्य त्यांच्यासाठी ‘तोवर तुम्ही नसाल’ असंच असतं. आणि चाचणी फसली तर औषध मागे घेऊ, हा शब्द कंपनीकडून आधी घेतला होता, तो तिने पाळला. यात रुग्णांचं चुकलं कुठे? अर्धवट पुरावा कसा तोलायचा हे त्यांना कुणी आधी शिकवलं नव्हतं, त्यांना फक्त माइक दिला. मी तेच म्हणतेय. माइक नको, खुर्ची द्या. खुर्चीवर बसणाऱ्याला फाइल वाचावी लागते.

आणि सशांबद्दल. मान्य, शंभर टक्के मान्य. पण हिशेब पुरा करा. सशांचा प्रयोग १९५७ चा. तोंडाने घ्यायचा डोस हळूहळू वाढवत नेला की माणसं चालायला लागतात, हे डॉ. कोट्झियास यांनी १९६७ मध्ये दाखवलं. म्हणजे सशापासून गोळीपर्यंत १० वर्षं. गोळीपासून ‘वेळेवर गोळी’पर्यंत यायला ५० हून जास्त वर्षं होऊन गेली, आणि माझे बाबा ज्या खाटेवर होते तिथे आपण अजून पोचलेलो नाही. हा प्रश्न विज्ञानाचा नाही म्हणून तुम्ही वॉर्डाकडे ढकलताय. वॉर्डातले म्हणतात, आमच्याकडे माणसं नाहीत.

रात्रपाळी_सिस्टर:

वॉर्डातले म्हणतात म्हणजे मीच. १६ वर्षं झाली या कामात.

ताई, राग समजला. पण औषधं जमा करून घेण्याचा नियम कुणाच्या लहरीने आलेला नाही. घरची गोळी आणि आमची गोळी अशा दोन्ही पोटात गेलेले पेशंट मी पाहिलेत. राउंडची ट्रॉली एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला तासभर लागतो. मधेच सलाइन सुटतं, कुणी उलटी करतं, एखादा म्हातारा खाटेवरून उतरायला लागतो. ११ ची गोळी १२ ला जाते. अँटिबायोटिकचं तासभराने फारसं बिघडत नाही. पार्किन्सन्सच्या पेशंटचं बिघडतं, आणि हे मला शिकताना कुणी सांगितलं नव्हतं. एका पेशंटच्या बायकोने सांगितलं. तिने ड्रग चार्टवर लाल पेनाने वेळा लिहिल्या होत्या. ‘सकाळ-दुपार-रात्र’ खोडून ७, ९.३०, १२, असं. चार्टवर खाडाखोड केली म्हणून मी आधी तिला ओरडले होते.

पार्किन्सन्स यू.के. ही संस्था २००६ पासून ‘गोळी वेळेवर द्या’ एवढ्या एकाच मागणीची मोहीम चालवतेय. इतकी साधी मागणी, आणि इतकी वर्षं! माझं मत विचाराल तर निधी कुणी वाटायचा यावर भांडण्याआधी एका सिस्टरमागे किती पेशंट, यावर भांडा. समितीतल्या खुर्चीने माझी ट्रॉली वेगाने पळणार नाही.

कोरा_कागद:

एवढा वेळ नुसता वाचत होतो. धाग्यात अल्झायमर आला, पार्किन्सन्स आला, ए.एल.एस. आला. माझा आजार अजून कुणाच्या तोंडी आला नाही आणि येणारही नाही, म्हणून लिहितो. मला अपस्मार आहे. फिट्स येतात.

झोपेत फिट येऊन गेली की सकाळी जिभेची कड चावलेली असते. ऑफिसात सांगतो, ‘तोंड आलंय.’ गेली ९ वर्षं माझं तोंड येतंय. आम्ही बादली कशी ओतणार? बादली ओतायची तर आधी नाव सांगावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. नीट निदान आणि नीट औषध मिळालं तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट्स थांबू शकतात. फेनोबार्बिटल हे फिट्सचं औषध १९१२ पासून आहे आणि अत्यंत स्वस्त आहे. तरी गरीब देशांत बहुतेकांना उपचारच मिळत नाहीत. त्यासाठी नवा ससा लागत नाही.

म्हणून पाऊलखूण, तुमची खुर्चीची कल्पना ऐकायला छान आहे, पण तिच्यावर बसणार कोण? ज्याला बोलता येतं, ज्याला बोलायची लाज वाटत नाही आणि ज्याच्या घरी त्या दिवशी आजाऱ्याजवळ थांबायला दुसरं कुणी आहे, तोच. रडणाऱ्या लेकराला दूध मिळतं, हे आमच्यासारख्यांना नीट माहीत आहे.

उंटावरचा_शहाणा:

कोरा_कागद यांना जोरदार अनुमोदन, आणि त्यात भर. स्मृतिभ्रंशात तर जो खुर्चीवर बसतो तो रुग्ण नसतोच, सांभाळणारा असतो. दोघांचं हित एक असेलच असं नाही. आईला सांभाळताना मला विचारलं असतं, ‘कशावर संशोधन व्हावं?’ तर मी डोळे मिटून सांगितलं असतं, तिने रात्री घराबाहेर पडू नये यावर. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, दार उघडा.

तिरकस:

आता थोडं गंभीरपणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आराखड्यात २०१२ साली लिहिलं होतं की २०२५ पर्यंत अल्झायमर रोखायचा आणि त्यावर परिणामकारक उपचार शोधायचा. रुग्णसंघटनांनीच ते घडवून आणलं. निधी कित्येक पटींनी वाढला. २०२५ आलं नि गेलं. हाती काय लागलं? आजाराचा वेग काही महिन्यांनी कमी करणारी एक-दोन इंजेक्शनं, त्यांच्यासोबत मेंदूत सूज आणि रक्तस्रावाचा धोका. कॅलेंडरवर तारीख टाकून मेंदू बरा होत नाही.

सूक्ष्मदर्शक:

तिरकसरावांशी सहमत व्हायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

पण माझ्याच बाजूची एक अडचण मला लपवता येत नाही. हंटिंग्टन, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत उतरणारा मेंदूचा आजार. हे क्षेत्र उभं राहिलं ते एका कुटुंबामुळे. नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला तो आजार होता. वडिलांनी १९६८ मध्ये संस्था काढली, आणि पुढे नॅन्सी वर्षानुवर्षं व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठी जाऊन रक्ताचे नमुने आणि वंशावळी गोळा करत राहिल्या. १९८३ मध्ये जनुकाच्या जागेची खूण सापडली, १९९३ मध्ये खुद्द जनुक. तेव्हाच्या किती तज्ज्ञांना हा नुसता वेडेपणा वाटला होता. रुग्णाच्या घरातलं माणूस नसतं तर ते काम इतक्या लवकर झालं नसतं, हे मान्य करायला हवं. आणि ज्यांनी रक्त दिलं ती सरोवराकाठची घरं गरीबच राहिली, हेही. त्यांना खुर्ची कुणी दिली नव्हती.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. मूलभूत संशोधनाचा पैसा वेगळा ठेवा, त्यात मतदान नको. उपचार कसे पोचवायचे, पडणं कसं टाळायचं, झोप, गिळणं, या प्रश्नांवर रुग्णांना खुशाल मत द्या. बरोबरीचं द्या.

पाऊलखूण:

डॉक्टर, सुरुवात म्हणून चालेल. पण तो वेगळा पैसा किती आणि उरलेला किती, हे कोण ठरवणार? तिथेच तर खुर्ची हवीये.

कोरा_कागद, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. निनावी मतपत्रिका हा एक मार्ग सुचतो. आमच्या गटात तसा एक प्रयोग केला होता. प्रत्येकाने कागदावर एकच प्रश्न लिहायचा, कशावर संशोधन व्हावं. नाव नाही घालायचं. बाबांचा कागद मी तरीही ओळखला, कारण अक्षर ओळीच्या शेवटाकडे मुंगीएवढं होत गेलं होतं. या आजारात तसंच होतं. पहिले दोन शब्द लागले, ‘रात्री कूस’. पुढचं लागेना. घरी येऊन विचारलं तर म्हणाले, ‘रात्री कूस बदलता येत नाही, त्यावर काहीतरी. बाकीचं डॉक्टर बघतील.’

रात्रपाळी_सिस्टर:

ताई, निधी येईपर्यंत सॅटिनच्या कापडाचा रुंद पट्टा चादरीवर कमरेखाली येईल असा अंथरून दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचून बघा. अंग सरकायला सोपं जातं. पायाशी मात्र साधी चादरच राहू द्या, टाचेला पकड लागते. आणि रात्री उठवून बसवाल तेव्हा आधी पाय खाली टेकू देत, नाहीतर घसरतील.

सूक्ष्मदर्शक:

सिस्टर, हे कुणी तपासून पाहिलंय का?

रात्रपाळी_सिस्टर:

मी पाहिलंय. तुमच्यासारखं मोजलं नाही कधी. मोजायला या.