शब्दचर्चा: कॅल्शियम चॅनेल, रिसेप्टर आणि डोळ्याचा कर्करोग

कंदील: डोळ्याच्या कर्करोगावरच्या एका लेखाचं मराठी करतोय. त्यात कॅल्शियमचे चॅनेल आणि रिसेप्टर येतात. शब्दकोशात 'वाहिनी' आणि 'ग्राही' मिळाले. चालतील?

सुपारी: ग्राही, म्हणजे निरोप घेणारं प्रथिन, चालेल; वाहिनी नको. रक्तवाहिनी, अश्रुवाहिनी म्हटलं की नळीच दिसते. इथे नळी नाही. पेशीच्या पटलात रुतलेलं प्रथिन असतं, मधोमध उघडझाप करणारं छिद्र. पेशीच्या बाहेर मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा साधारण १०,००० पट. छिद्र क्षणभर उघडलं तरी आत लोंढा येतो आणि तोच पेशीला निरोप असतो: वाढ, सरक किंवा मर. 'मार्गिका' सुचवणार होते, पण ती आता मेट्रोवाल्यांची झाली. सरळ चॅनेल लिहा.

कंदील: बरं. पण त्यातल्या टीआरपीव्ही१ या प्रथिनाला लेखक एकदा चॅनेल म्हणतात, एकदा कॅपसायसिनचा रिसेप्टर. एक चूक असणार ना?

ओवा: नाही हो, दोन्ही बरोबर. मिरचीतलं कॅपसायसिन त्याला चिकटतं म्हणून ग्राही, चिकटल्यावर छिद्र उघडून कॅल्शियम आत येतं म्हणून चॅनेल. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये कॅपसायसिन वापरूनच ते शोधलं, २०२१ चं नोबेल त्यासाठी. 'टीआरपी' हे नाव मात्र माशीच्या डोळ्यातून आलंय. १९६९ मध्ये फळमाशीचा एक उत्परिवर्तित (जनुक बदललेला) वाण नोंदवला गेला. उजेड चालू असूनही तिच्या डोळ्याचा विद्युत प्रतिसाद विरून जायचा. म्हणून 'ट्रान्झियंट रिसेप्टर पोटेन्शियल'. (टीआरपीला वाहिनी म्हणालात तर वाचक थेट मालिकांकडे जाईल!)

सुपारी: आणि कुठला कर्करोग ते लिहा. लहान मुलांचा रेटिनोब्लास्टोमा जालपटलाचा (डोळ्याच्या मागच्या पडद्याचा), बहुतेकदा आरबी१ जनुक बिघडल्यामुळे. मोठ्यांचा यूव्हिअल मेलॅनोमा बहुधा रंजितपटलात (जालपटलामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात), आणि पसरला तर बहुतेकदा आधी यकृतात. यात ८० टक्क्यांहून अधिक गाठींत जीएनएक्यू किंवा जीएनए११ हे जनुक बदललेलं असतं. त्यामुळे ग्राहीकडून निरोप नसतानाही पुढची साखळी चालूच राहते. तिच्यात आयपी३ नावाचा निरोप्या रेणू तयार होतो आणि पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं. ते सोडणाऱ्या प्रथिनाचं नाव आयपी३ रिसेप्टर, आणि ते स्वतःच चॅनेल आहे! थोड्या गाठींत तर सीवायएसएलटीआर२ हा ग्राहीच बदललेला सापडतो. तेव्हा ग्राही आणि चॅनेल अशी दोन खाती पाडू नका.

बोरकूट: मध्येच विचारतो. नात्यातल्या एका बाळाच्या रिपोर्टात गाठीत कॅल्शियम दिसल्याचं लिहिलंय. तेच का हे?

ओवा: नाही. रेटिनोब्लास्टोमाच्या गाठीत कॅल्शियमचे कण साचतात, सोनोग्राफीत चमकतात आणि निदानाला मदत होते. चॅनेलमधून जाणारं कॅल्शियम वेगळं, ते अशा तपासणीत दिसत नाही. आणि यावरून घरातल्या कुणी कॅल्शियमच्या गोळ्या किंवा बीपीची अ‍ॅम्लोडिपिन (ही कॅल्शियम चॅनेल रोखते) आपल्या मनाने बंद करू नये. बाळाचं मात्र डॉक्टरांशीच बोला.

कंदील: शेवटचं. 'संभाव्य औषधलक्ष्य' की 'औषधाचं संभाव्य लक्ष्य'?

सुपारी: दुसरं. पहिल्यात घाईचा वाचक 'संभाव्य औषध' एवढंच वाचतो. लक्ष्य म्हणजे ते प्रथिन, गोळी नव्हे. टीआरपीव्ही१वरचं हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचं आहे, तेही पहिल्याच परिच्छेदात टाका.