घरात एडीएचडी (लक्ष न टिकणं, चळवळेपणा, उतावीळपणा) आहे? पोराला, तुम्हाला, की दोघांनाही? अनुभव लिहा

शाहूपुरीची थोरली
आज भवानी मंडपाजवळ एक गृहस्थ पोराला बोलत होते, "छत्री कुठं टाकलीस? परत?" पोरगं नुसतं बघत उभं. मला एकदम आमचे आबा आठवले. धाकट्या भावानं कंपासपेटी हरवली की असंच ओरडायचे, आणि स्वतः गुजरीतल्या दुकानाच्या किल्ल्या आत ठेवून बाहेरनं कुलूप दाबायचे. दोघांचं निस्तरायला आई.
आता भावाच्या मुलाला एडीएचडीचं निदान झालंय. डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कोण असं होतं का? जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो म्हणे. भाऊ म्हणाला, "म्हणजे आबांना पण." आबा आता नाहीत. त्यांना हे कुणीतरी वेळेत सांगायला पाहिजे होतं, असं फार वाटतं.
पोरांचं लिहा, पण आईबापांचंही लिहा.

कुकरच्या शिट्ट्या
वाचतोय. माझ्याकडं दोघं हायत, नवरा आणि लेक. भाकरी झाल्या की लिहितो.

पेठेतला
आमचं पोरगं शाहू स्टेडियमवर तालमीची फुटबॉल मॅच असली की शेवटपर्यंत जागचं हलत नाही. मग लक्ष लागत नाही असं कसं म्हणायचं? बाई म्हणतात दाखवून घ्या.

खिडकीतली
@पेठेतला, आवडीच्या गोष्टीत लक्ष अडकून बसतं, नावडीच्या ठिकाणी ते ओढून आणता येत नाही. त्यामुळे मॅचवरनं ठरवू नका. नक्की दाखवून घ्या. शाळेत आणि घरी दोन्हीकडं त्रास आहे का, हे डॉक्टर बघतात.
माझं निदान चाळिशीत झालं. मी दंगा कधी केलाच नाही, त्यामुळे कुणाला कळलं नाही. मुलींचं असंच राहून जातं. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासनं होती का हे बघायचं असतं, म्हणून डॉक्टरांनी जुनी प्रगतीपुस्तकं मागितली. आईनं ट्रंकेत जपून ठेवलेली. दरवर्षी नवीन बाई, शेरा तोच: हुशार आहे, वर्गात तंद्री लागते. चौथीच्या पानावर आईची सही जरा फिसकटलेली होती. ती रडली असणार तेव्हा, विचारायचं धाडस झालं नाही.

मंगळवार पेठ
ट्रंकेवरनं आठवलं, आमच्या आजीच्या ट्रंकेत माझी बालवाडीची पाटी सापडली परवा!! फोटो टाकते.

पेठेतला
धन्यवाद ताई. पुढच्या आठवड्यात जाऊन येतो.

उसाचा फड
सासूबाई म्हणतात गूळ बंद करा, त्यानंच पोर उधळतंय. आमचं स्वतःचं गुऱ्हाळ हाय, सांगा कसं बंद करू 😄 डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं, गोडानं एडीएचडी होत नाही. तेव्हापासनं शांतता हाय.
गोळी चालू केलीय, मिथाइलफेनिडेट. दुपारचा डबा तसाच परत येतो, भूक मरते. रात्री मात्र साडेनऊला पिठलं-भाकरी मागतंय. मी आता रात्रीच पोटभर घालते, दुपारसाठी मागं लागत नाही. गोळी प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही, संपायच्या आधीच बघून ठेवा.

कुकरच्या शिट्ट्या
आलो. लेकीचा अभ्यास आधी नवरा घ्यायचा. ती पेन्सिल फिरवत बसणार, ह्याचा संयम सुटणार, दोघं रडवेली. तो वाईट नाही हो, त्याला स्वतःलाच बसवत नाही. आता अभ्यास सासरे घेतात, थोडा थोडा, मधी अंगणात एक चक्कर. नवरा तिला सायकलवर रंकाळ्याला नेतो, तिथं दोघांचं छान जमतं.
दाराजवळ फळी लावलीय: डबा, बाटली, ओळखपत्र, गाडीची किल्ली. वर चित्रं चिकटवलीत, ती नवऱ्यासाठी पण. तरी परवा लेक एका पायात बूट, एका पायात चप्पल घालून रिक्षात बसली. रिक्षावाले मामाच म्हणाले, "ताई, थांबतो, बदलू दे."
एक सांगतो. सगळ्यांचं लक्षात ठेवून माझंच डोकं भरतं. डॉक्टर पोराबद्दल विचारतात, नवऱ्याबद्दल विचारतात, मला कोण विचारत नाही.

शाहूपुरीची थोरली
@कुकरच्या शिट्ट्या, आई अगदी हेच म्हणायची. रविवारी येऊ का मी? लेकीला घेऊन बसते, तू झोप.

कुकरच्या शिट्ट्या
ये की गं. पांढरा रस्सा करतो.

नववीची आई
दहावीला जादा वेळ मिळतो का? कुणी केलंय का?

खिडकीतली
जादा वेळेची सवलत दिव्यांग मुलांसाठी असते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित जड जाणं) आहे, एडीएचडीचा वेगळा प्रकार नाही. बऱ्याच मुलांना दोन्ही असतं, तेव्हा ती तपासणी आत्ताच करून घ्या आणि शाळेला लेखी विचारा. दहावी सुरू झाल्यावर धावपळ होते.

नववीची आई
उद्याच शाळेत जाते. आणि तो पांढरा रस्सा, खसखस घालता की नाही?

कुकरच्या शिट्ट्या
घालतो. खसखस, काजू, नारळाचं दूध. तिखटाला हात लावायचा नाही.